नेली हॉल्डस्वर्थचा चहा

आमच्या लिंडन लेनमध्ये एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. कुणी चहाला बोलावलं तर पाऊण तास बसायचं. केकचा एक तुकडा घ्यायचा, दुसऱ्याला नको म्हणायचं, गुलाबांची चौकशी करायची, आणि यजमानीण घड्याळाकडे बघायच्या आत आपणच उठायचं. मी, म्यूरिअल टॅप्सेल, हा नियम तेवीस वर्षं पाळला आणि नव्याने राहायला आलेल्यांना शिकवलासुद्धा. शिकवायची मला खोडच आहे. आमचे सिरिल म्हणतात, "तू स्वर्गात गेलीस ना, की दारावरच्या सेंट पीटरला आधी रांग कशी लावायची ते सांगशील." म्हणू देत. रांगा कुणीतरी लावायलाच लागतात.

विंचेस्टरमध्ये तशी आमची लेन लहानच. सहा घरं, दोन्ही बाजूंना लिंडनची जुनी झाडं, आणि वारा बरोबर असला की कॅथेड्रलच्या घंटा थेट स्वयंपाकघरात ऐकू येतात. जूनमध्ये ही झाडं खाली चिकट रस गाळतात. मोटारी, खिडक्या, पायऱ्या, सगळं चिकचिकतं. आम्ही त्याबद्दल कुरकुर करतो आणि तसंच राहू देतो.

नेली हॉल्डस्वर्थ सहा नंबरात आली ती मार्चमध्ये, पार वरच्या, उत्तरेकडच्या यॉर्कशरातल्या हॅलिफॅक्सहून. सदुसष्ट वर्षांची, ठेंगणी, गोल, हातात कायम काहीतरी काम. टॉफीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेली. यंत्रांच्या धडधडाटात बोलायची सवय, त्यामुळे तिचं कुजबुजणंसुद्धा चार घरं ऐकू जायचं. नवरा वॉल्टर दोन वर्षांपूर्वी गेला होता. एकुलती एक लेक लिनेट इथल्या हॉस्पिटलात सुईण. तिनेच आईला ओढून आणलं, सहा महिन्यांच्या भाड्याने घर घेऊन दिलं आणि म्हणाली, राहून तर बघ.

सामान आलं त्या दिवशी मी खिडकीशी होते. खिडकीशी म्हणजे पडद्याची घडी नीट करत होते. समोरून कॅनन टिल्यर्ड चालले होते. तीस वर्षं कॅथेड्रलमध्ये पाद्री म्हणून सेवा केलेला माणूस, निवृत्त झाले तरी बिशपसुद्धा त्यांच्याशी जरा जपून बोलतात. तर ही बाई दारातून ओरडली, "ए राजा, ते फाटक जरा धर की. हात मोकळे नाहीत माझे."

मला वाटलं आता टिल्यर्ड तिथेच दगड होणार. पण त्यांनी मुकाट्याने फाटक धरलं, आणि सोफा, कपाट, शिवणयंत्र, सगळं आत जाईपर्यंत पंधरा मिनिटं धरून उभे राहिले. जाताना ती म्हणाली, "गुणाचा आहेस." माझ्या हातातला पडदा सुटला.

यॉर्कशरात म्हणे सगळ्यांनाच राजा आणि राणी म्हणतात. खाटकाला, बसच्या कंडक्टरला, डॉक्टरला. मी एकदा कुंपणावरून विचारलं, "मग नवऱ्याला काय म्हणायचीस?"

"त्याला? ए बहिऱ्या म्हणायचे," नेली म्हणाली आणि खो खो हसली. हसता हसता ॲप्रनने डोळे पुसले.

बघा, मी पण तिला 'तू' म्हणायला लागले होते. इलाजच नव्हता, ती पहिल्या दिवसापासून मला 'अगं म्यूरिअल' करत होती. शेजारच्या रोझलिंड प्रायरला मी एकोणीस वर्षं ओळखते. आमचं अजून 'तुम्ही कशा आहात' आणि 'हवा छान आहे' यापुढे पाऊल पडलं नव्हतं. रोझलिंडचा नवरा डेझमंड दातांचा डॉक्टर. त्याने माझी एक दाढ काढली, तेव्हासुद्धा आम्ही हवेबद्दलच बोललो.

नेली दर शुक्रवारी सकाळी गुडघ्यांवर बसून पुढची पायरी घासायची. लिंडन लेनमध्ये पायरी घासताना कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. रोझलिंड मला हळूच म्हणाली, "त्यांचं काही सांडलं का?" मी म्हटलं, तिकडची रीत असेल. नाकं आम्ही दोघींनीही मुरडली, खोटं कशाला सांगू. पण जूनमध्ये सगळ्या गल्लीचे पाय चिकटत होते आणि तिची एक पायरी तेवढी स्वच्छ होती.

जूनच्याच पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी मागे वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते. कुंपणापलीकडे नेली कपडे वाळत घालत होती, आणि चक्क गप्प होती. मी विचारलं, बरं नाही का.

"हॅलिफॅक्सच्या घराला गिऱ्हाईक मिळालंय," ती म्हणाली. "वकिलानं कागद पाठवलेत. सही करून धाडले की घर गेलं. पुढच्या आठवड्यात काय ते कळवायचंय."

"मग कर की सही. लेक इथे, नाती इथे."

"लेक आहे गं. पण तिची कधी रात्रपाळी, कधी दिवसपाळी. पोरी शाळेत. मला दिवसभर कुणाशी बोलायचं?" तिने चादर दोरीवर टाकली आणि चिमटे न लावता तशीच उभी राहिली. "तिकडं मी दार उघडलं की चार बायका यायच्या. इकडं सगळे हसतात, हवा छान म्हणतात आणि सटकतात. तीन महिन्यांत माझ्या घरात लेकीशिवाय कुणी बूड टेकलेलं नाही, म्यूरिअल. तूसुद्धा नाही."

आता इथे चांगल्या बाईने काय म्हटलं असतं? येते हं उद्या, म्हटलं असतं. मी काय म्हटलं ते आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी म्हटलं, "इथे जरा वेळ लागतो, नेली. सात-आठ वर्षं धर."

"मी सदुसष्टची आहे," ती म्हणाली.

वाऱ्याने चादर अर्धी खाली आली. तिने ती सारखी केली, चिमटे लावले, आणि मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं. मग मीच बोलावते. रविवारी सगळ्या गल्लीला माझ्याकडं चहा. पाच वाजता. लोक आले, बसले, चार घास पोटात गेले, तर सोमवारी सही. नाहीतर कागद फाडून टाकते आणि जाते आपली परत. लिनेट रडेल, पण मला इथं कुंडीतल्या झाडासारखं बसायचं नाही."

मला ती आवडायला लागली होती, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणून मी लगेच शिकवायला लागले. "चहा म्हणजे उत्तम. फक्त पाच जरा उशीर होतो. चारला ठेव."

"चारला? चारला कोण चहा घेतं?" ती हसली.

"आणि फार काही करत बसू नकोस. इथे कमी केलेलंच बरं दिसतं."

"ते तू माझ्यावर सोड," नेली म्हणाली.

मी मनात म्हटलं, वरच्या लोकांना वेळकाळ कळत नाही. आता वाटतं, तिथेच दोन मिनिटं तोंड बंद ठेवून कान उघडले असते तर पुढचं रामायण झालं नसतं.

रविवारी दुपारी दोनला आम्ही रोजच्यासारखे, म्हणजे रविवारच्यासारखे, भरपेट जेवलो. भाजलेलं मटण, बटाटे, शेंगा, वर सिरिलनी पुडिंगच्या दोन वाट्या हाणल्या. पाचला आम्ही पाच जण सहा नंबरात हजर. टिल्यर्ड, प्रायर नवराबायको आणि आम्ही दोघं. बाकीची घरं सुटीवर गेली होती. लिनेटची दुपारपाळी होती, ती येणार नव्हती.

नेलीने आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं आणि चहा दिला. लालभडक, कडक चहा, चमचा उभा राहील असा. आणि बस. नुसता चहा. केक नाही, सँडविच नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. ती स्वतः तर बसेचना. दोन वाक्यं बोलायची की आत पळायची. परत यायची ती घामाघूम, केस कपाळाला चिकटलेले. रोझलिंडने भिवया वर केल्या. मी नजरेने म्हटलं, खरंय.

कुठूनतरी कांदा आणि मांस शिजल्याचा घमघमाट येत होता. टिल्यर्ड नाक वर करून म्हणाले, "कुणाकडे तरी आज बेत आहे."

"मागच्या गल्लीत असेल," डेझमंड म्हणाला.

हवेवर बोलून झालं. गुलाबांवर बोलून झालं. नेली आत, आम्ही बाहेर. पावणेसहाला टिल्यर्डांनी कप खाली ठेवला आणि त्यांच्यामागोमाग आम्ही सगळे मेंढरांसारखे उठलो. पाऊण तास झाला होता. मी आतल्या दिशेने आवाज दिला, "निघतो हं आम्ही. फार वेळ घेतला तुझा."

नेली धावत आली. एका हातात ओव्हनमधलं भांडं धरायचा जाड हातमोजा तसाच होता. "निघालात?"

"हो, तुम्हालाही कामं असतील," रोझलिंड गोड आवाजात म्हणाली.

नेली आमच्यासाठी दार धरून उभी राहिली. तिला एवढं गप्प मी एकदाच पाहिलं होतं, चादर वाळत घालताना. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बाहेर आल्यावर आम्ही हळू आवाजात बिस्किटांचा विषय काढलाच. "बोलावून एवढा हात आखडता?" असं रोझलिंड म्हणाली. आणि सगळ्यांत झोंबणारं मी बोलले. मी म्हणाले, "हॅलिफॅक्सला बिस्किटं मिळत नसतील." सगळे हसले. सिरिल हसले नाहीत. ते डोक्याला हात लावून म्हणाले, "माझी टोपी राहिली."

मी परत फिरले. टोपीसाठी, आणि एकटीला गाठून बिस्किटांबद्दल दोन शब्द सांगावेत म्हणूनही. दार लोटलेलंच होतं. मी हाक मारली, उत्तर नाही. मागच्या खोलीत डोकावले.

टेबल वाढून ठेवलेलं होतं. सहा जणांचं. पांढरीशुभ्र इस्त्रीची चादर, सहा ताटल्या, सहा नॅपकिन. मधोमध मांस-बटाट्याची ही एवढी पाई, नुकतीच ओव्हनमधून काढलेली, वर वाफ. कापलेला हॅम, बीट, व्हिनेगरमधला लाल कोबी, लोणी लावलेला ब्रेडचा ढीग, रश्श्याचं भांडं. बाजूच्या कपाटावर काचेच्या वाडग्यात केक-कस्टर्डचं ट्रायफल, आल्याचा केक, बेदाणे घातलेला टार्ट. आणि टेबलाच्या टोकाला नेली, हातातला मोजा न काढता बसलेली.

"आमच्याकडं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाहुणा जेवणाआधी उठला तर एक तर भांडण झालेलं असतं, नाहीतर कुणी मेलेलं असतं. माझ्याकडून यातलं काय झालं तेवढं सांग."

"जेवण?" मी म्हटलं. "तू चहाला बोलावलं होतंस."

"मग हा काय आहे?" तिने टेबलाकडे हात केला. "चहाच आहे ना हा."

दारूच्या नशेतून जागं झाल्यासारखं मला झालं. पाच वाजता. चार घास पोटात. चारला कोण चहा घेतं. सगळं तिने मला सांगितलेलं होतं, तोंडावर, सरळ भाषेत.

"नेली, तुमच्याकडे संध्याकाळच्या जेवणाला चहा म्हणतात?"

"मग तुमच्याकडं काय म्हणतात?"

"जेवण. आठ वाजता. चहा म्हणजे आमच्याकडे चहा. कपातला. आणि तो पिऊन पाऊण तासात उठायचं असतं."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही रागावून नाही गेलात?"

"रागावून? अगं, आम्ही चांगलं वागत होतो."

"चार दिवस खपतेय मी," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्यांना माझ्या ताटात जेवायचंच नाही. मी म्हटलं ठीक आहे. सकाळी कागद फाडते."

मी आयुष्यात अनेकांवर चिडले आहे, पण त्या दिवशी स्वतःवर चिडले तशी कुणावर नाही. तेवीस वर्षं मी लोकांना त्या पाऊण तासाचे धडे दिले होते. मी म्हटलं, "पाई झाकून ठेव. आलेच मी," आणि रस्त्यावर गेले.

लिंडन लेनमध्ये कुणी ओरडत नाही. मी ओरडले. "टिल्यर्ड! परत या. सगळे परत या."

टिल्यर्ड पायात सपाता घालून दारात आले. कुठे आग लागली का, म्हणाले. मी म्हटलं, "आग नाही, जेवण आहे. आपल्याला जेवायला बोलावलं होतं आणि आपण तिच्या ताटावरून उठून आलो." मग सगळं सांगितलं. बिस्किटांच्या वाक्याची पण आठवण करून दिली, माझ्याच. कुणी मान वर करेना.

डेझमंड म्हणाला, "पण आम्ही दोनला भरपूर जेवलो आहोत."

"मग पुन्हा जेवा. पट्टा सैल करा. जेवायला सांगतेय, फाशी देत नाहीये."

"एकदा निरोप घेतल्यावर परत जाणं बरं दिसेल का?" रोझलिंड म्हणाली.

"रोझलिंड, तू चल बघू."

ती थबकली. "तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"म्हणाले. चल."

आणि ती आली. पुढे जाऊन तिने माझा दंडसुद्धा धरला.

नेलीने पाई कापली आणि पुढचे तीन तास आमच्या गल्लीत कधी झालं नव्हतं ते झालं. लोकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सुरुवातीला सगळे लाजेने खात होते, पण ती पाई लाजेने खायची नव्हतीच. सिरिल, दोन पुडिंगं पोटात असताना, भांड्याच्या कडेचं करपलेलं खरवडून खात होते. "राजा, रस्सा घे, कोरडं नको खाऊस," नेली टिल्यर्डांना म्हणाली, आणि टिल्यर्डांनी ताटली पुढे केली. तिसऱ्यांदा.

"मला कुणी असं वाढलं," ते ताटलीकडे बघत म्हणाले, "त्याला फार वर्षं झाली. आई गेली तेव्हापासून, बहुतेक."

"म्हणून हडकलायस," नेली म्हणाली आणि आणखी वाढलं.

शेवटी तिने डबाभर टॉफी काढली, घरी केलेली. डेझमंडने ऐटीत एक तोंडात टाकली आणि एकदम गप्प झाला. मग बोटाने तोंडातून टॉफी काढली, तर तिला त्याच्याच दातावरची टोपी चिकटलेली. "आता तू कुणाकडं जाणार रे?" नेलीने विचारलं. रोझलिंड इतकी हसली की तिला टेबलावर डोकं टेकावं लागलं. एकोणीस वर्षांत मला तिचं हसणं माहीत नव्हतं. घोड्यासारखं हसते. फार छान हसते. आम्ही उठलो तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि बाहेर अजून उजेड होता.

पण कागदांचं काय, हे कुणी विचारलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं. मला माहीत होतं, आणि माझी विचारायची छाती झाली नाही. एका संध्याकाळपायी माणूस आपलं घर विकतं का?

सोमवारी सकाळी मी पडद्याची घडी तीनदा सारखी केली. नेली दिसेना. दोरीवर कपडे नाहीत, स्वयंपाकघरात आवाज नाही. सिरिल म्हणाले, "जाऊन विचार की." मी म्हटलं, "लोकांच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही." ते पेपराआड गेले.

अकराला दार वाजलं. नेली, चांगला कोट घालून, हातात जाडजूड पाकीट. "पोस्टाचं तिकीट आहे का गं तुझ्याकडं? फर्स्ट क्लासचं दे. सेकंडनं गेलं तर मधल्या दिवसांत माझं मन फिरायचं."

पाकिटात सही आहे की नकार, ते मला कळेना. माझ्याकडे सेकंडचीच तिकिटं होती. मी एक चाटून लावलं, दुसरं लावलं, आणि जड आहे म्हणून तिसरं लावलं.

"सही केली?" मी विचारलं.

"केली. सकाळी सहाला. मग चार तास त्या कागदाकडं बघत बसले."

मी कोट न घालताच तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले. तिने पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि तिथेच धरून ठेवलं. "एकेचाळीस वर्षं राहिले त्या घरात," ती म्हणाली. "लिनेट तिथं झाली. वॉल्टर तिथं गेला. पुढच्या खोलीत."

मागून कुणाचीतरी सायकल गेली.

"नको टाकूस हवं तर," मी शेवटी म्हटलं. "खरंच. मी काही वाईट वाटून घेणार नाही."

नेलीने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "खोटं बोलतेस."

"हो," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले होते. "टाक ना गं."

तिने पाकिटावरचा हात सोडला.